सातव्या ओळीची जागा

“पुन्हा एकदा घेऊ या, मॅडम. सातव्या ओळीला मागे पडलात.”

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या सबनीसांचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. मी मान हलवली. कानात परत ती तालाची टिकटिक सुरू झाली आणि मी परत म्हणू लागले, “एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा...”

सहाव्या ओळीपर्यंत सगळं सुरळीत झालं. सातवी म्हटली आणि टिकटिक बंद पडली.

“मॅडम, तेच.”

“उशीर झाला का?”

“अर्धा सेकंद. मघाशी झाला होता, अगदी तेवढाच.” सबनीसांनी मागे वळून कोचावर बसलेल्या तिघांकडे पाहिलं. “आणि अगदी तिथेच, जिथे या तिघांना होतो. तुमच्या गावात सातला काही होतं का हो?”

“होतं ना सर,” कोचावरून झाकीर म्हणाला. “आमच्याकडे सातला लाईट जाते.”

कोणी हसलं नाही. वृषाली तर मुळीच नाही. ती मांडीवर ड्रमच्या दोन काठ्या आडव्या ठेवून जमिनीकडे बघत बसली होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पुण्यातला तो स्टुडिओ एका बंगल्याच्या तळघरात होता. भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, त्यामुळे आत बोललं की आपलाच आवाज जवळून ऐकू यायचा. मी तिथे गेले होते ती पाढा म्हणायला. औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या वडिलांनी मला तो शिकवला होता. मी शिक्षिका झाले तेव्हा तो पुस्तकातून केव्हाच गेला होता, पण कराडजवळच्या आमच्या शाळेत मी तिसरीच्या मुलांना तो शिकवायचे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. मुलांना आवडायचा म्हणून. बाकावर तीन पूर्ण थापा तळहाताच्या, चौथी अर्धी, नुसत्या बोटांची. असा तो ठेका.

झाकीर मुल्ला, वृषाली यादव आणि इंद्रजित थोरवडे ही माझ्या एकाच वर्गातली मुलं. मोठी झाली आणि त्यांनी बँड काढला. नाव ठेवलं ‘छोटी सुट्टी’. इंद्रजित गिटार वाजवायचा आणि गायचा, झाकीर बेस गिटार, वृषाली ड्रम. त्यांचा पहिला अल्बम आता तयार होत होता आणि त्यातलं मुख्य गाणं होतं ‘औटकी’. त्याच थापांवर बांधलेलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला माझ्या आवाजात पाढा हवा, असं तिघांनी ठरवलं होतं.

पण आदल्या दिवशी वृषालीचा फोन आला होता. “बाई, उद्या नक्की या. तुमच्यासमोर एकदा वाजवते. परवा दुसरा ड्रमर येणार आहे.”

“का गं?”

“माझं गाण्यात एका ठिकाणी चुकतं म्हणे. दरवेळी. मला तर ऐकूच येत नाही, बाई.”

तिच्या आवाजात रडू नव्हतं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सबनीस काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला काचेपलीकडे बोलावलं, खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून समजावलं. मी मुलांना समजावते तसंच.

“हे बघा मॅडम, या उभ्या रेघा म्हणजे टिकटिक. आणि या लाटा म्हणजे वृषालीचे ठोके. एक ते सहा ओळी रेघेला लाट चिकटलेली. आणि सातवी इथे. रेघेच्या पुढे.” त्यांनी पडदा सरकवला. “गाण्यात हा पाढा नऊ वेळा येतो. नऊच्या नऊ वेळा इथे.”

“मग तुम्ही ते कापून जागेवर नाही का बसवू शकत?”

“एकदा बसवेन. नऊ वेळा कापलं की शिवण ऐकू येते. आणि केळुसकर ती ऐकणारच.”

उदय केळुसकर हे एका मोठ्या दैनिकात संगीतावर लिहायचे. दोन वर्षांपूर्वी मुलांनी कराडात स्वतःच चार गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली होती. केळुसकरांनी त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या: ‘या मुलांकडे शब्द आहेत, सूर आहेत. वेळ मात्र नाही. यांनी आधी एक घड्याळ विकत घ्यावं.’ झाकीरनं ते कात्रण आपल्या गिटारच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. पेटी उघडली की पहिलं तेच दिसायचं.

“त्या चार ओळींनंतर यांना वर्षभर कोणी कार्यक्रम दिला नाही,” सबनीस म्हणाले. “आता पुन्हा तसंच छापून आलं तर हा अल्बम कोणी ऐकणारही नाही. माझ्याकडे दोन दिवस उरलेत. मुंबईचा एक ड्रमर उद्या येईल, एका तासात वाजवून जाईल. एकाच गाण्यापुरतं.”

“एकाच गाण्यापुरतं म्हणजे त्याच गाण्यापुरतं,” वृषाली म्हणाली. तिनं मान वर केली होती. “सर, तुम्हाला वाटेल ते करा. पण औटकीवर दुसऱ्याचे हात असतील तर अल्बमवर माझं नाव घालू नका. मी कराडला परत जाते.”

“वृषे, गप,” झाकीर म्हणाला.

“का गप? तू बेस वाजवतोस तोही तिथेच चुकतो. तुझ्यासाठी मुंबईचा कोणी का येत नाही?”

“माझ्यासाठी यायला कोणी तयार नाही. मी विचारून बघितलं.”

इंद्रजित या सगळ्या वेळात एक शब्दही बोलला नव्हता. तो तसाही कमी बोलायचा. गाताना त्याचं एक अक्षरही अडत नसे, बोलताना अडायचं. लहानपणापासून. कार्यक्रमांत लोकांशी बोलायचं काम म्हणूनच झाकीरकडे होतं, आणि झाकीर ते काम चार जणांचं एकट्यानं करायचा.

“पण मला एक सांगा,” सबनीस खुर्ची फिरवत म्हणाले, “यांचं समजू शकतो. एकत्र वाढलेत, एकमेकांच्या सवयी लागल्यात. पण मॅडम, तुम्ही आज पहिल्यांदा टिकटिक ऐकलीत. तुम्ही का थांबलात तिथे?”

मी ओठांतल्या ओठांत परत म्हणून पाहिलं. पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस. आणि मग माझा तळहात, जो मांडीवर थाप देत होता, तो आपोआप वर उचलला गेला आणि हवेत राहिला.

मी हाताकडे पाहिलं. मग वर पाहिलं, तर इंद्रजित माझ्या हाताकडे बघत होता.

“ती...” तो म्हणाला. “ती ज... जागा माझी आहे.”

“कसली जागा?” सबनीसांनी विचारलं.

इंद्रजितनं बोटांनी दाखवायला सुरुवात केली. बोटं मोजत मोजत तो सातव्यावर आला आणि तिथे थांबून त्यानं आपल्या छातीवर बोट ठेवलं. पुढचं मला सांगणं भाग होतं.

“आमचा वर्ग दहा मुलांचा होता,” मी म्हणाले. “पाढ्यालाही ओळी दहा. एकेकानं उभं राहून एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी बाकावर ठेका धरायचा, अशी आमची पद्धत. बसायचे ते उंचीप्रमाणे. सहावी वृषाली. सातवा इंद्रजित. आठवा झाकीर.”

सबनीसांनी टिकटिकीचं बटण नकळत दोनदा दाबलं. “म्हणजे सातवी ओळ याची.”

“रोज त्याची. सात म्हणताना त्याचं अडायचं. आणि बाकीचे...”

“बाकीचे थांबायचे,” वृषाली म्हणाली. ती उभी राहिली होती. काठ्या खाली पडल्या, तिला कळलंही नाही. “हात वर धरून थांबायचो आपण! झाक्या, हात वर धरून!”

“मला काय सांगतेस? माझे तर खांदे दुखायचे.”

“ब... बाईंनी शिकवलं,” इंद्रजित सबनीसांना म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिकडे बघवेना. “थांबायचं. मा... माझ्यासाठी. बाईंनी शिकवलं.”

मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. सदतीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी माझ्या सहनशीलतेवर तीन भाषणं झाली होती. त्या क्षणी मी नुसती मान हलवली असती तरी सगळं छान झालं असतं. झाकीर माझ्याकडे बघत होता. त्यानं अगदी बारीक मान हलवली. नको बाई, असं.

“नाही रे बाळा,” मी म्हणाले. “मी नाही शिकवलं.”

“जाऊ द्या ना बाई,” झाकीर म्हणाला.

“नाही जाऊ द्यायचं. इंद्रजित, शाळा तपासायला साहेब आले होते, आठवतं? निळी गाडी घेऊन?”

त्यानं मान हलवली.

“आदल्या दिवशी मी झाकीरला बाजूला घेतलं. त्याला सांगितलं, उद्या साहेबांसमोर इंद्रजितचं अडलं तर थांबायचं नाही. त्याची ओळ तूच म्हणून टाक आणि पुढे चल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. मला वाटलं, तुझी फजिती नको. आणि खरं सांगायचं तर माझ्या वर्गाचीही नको.”

सबनीसांनी मान खाली घातली होती.

“दुसऱ्या दिवशी तू उभा राहिलास. तुझं अडलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी झाकीरला डोळ्यांनी खुणावलं. एकदा. दोनदा. तर हा आढ्याकडे बघत बसला.”

“पाल होती वर,” झाकीर म्हणाला.

“पाल नव्हती. आणि मी बघते तर नऊच्या नऊ जणांचे तळहात हवेत. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी तर उलटच सांगितलं होतं. तेव्हा मग मीही काही बोलले नाही. तू म्हणालास, साडेचोवीस. नऊ हात एकदम खाली आले. त्या दिवसापासून मी थांबायला लागले. म्हणजे हे या दोघांनी मला शिकवलं, मी यांना नाही.”

इंद्रजित झाकीरकडे वळला. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. आम्ही थांबलो. चौघंही. सबनीससुद्धा.

“तू... तू कधी बोलला नाहीस.”

“मला सवड कुठे असते?” झाकीर म्हणाला. “सगळीकडे तुझ्या वाट्याचं मीच बोलत असतो.”

वृषाली हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग इंद्रजितनं झाकीरच्या पाठीत असा एक रट्टा घातला की सबनीसांच्या टेबलावरचा चहा सांडला.

सबनीसांनी रुमालानं टेबल पुसलं. पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसलं. मग फोन उचलला आणि कोणाला तरी म्हणाले, “उद्याचं रद्द. नाही, नाही, ड्रमर आहे आमच्याकडे.” फोन ठेवला आणि त्यांनी पडद्यावरच्या त्या सगळ्या उभ्या रेघा एका बोटानं पुसून टाकल्या.

“हेडफोन काढा सगळ्यांनी. टिकटिक बंद. तिघं एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवायचं. आणि बाई, तुम्ही त्यांच्या मध्ये बसा.”

मघापर्यंत मी मॅडम होते.

दुपारचे तीन वाजले होते. त्या लहानशा खोलीत मी एका लाकडी स्टुलावर बसले. वृषालीनं काठ्या उचलल्या आणि माझ्याकडे पाहिलं. तिसरीत पहिल्या ओळीआधी पाहायची, तशी. मी सुरू केलं. एक औट साडेतीन. सहाव्या ओळीनंतर तिच्या काठ्या वर गेल्या, झाकीरचा हात तारेवरून उचलला गेला आणि इंद्रजितनं श्वास घेतला. तेवढा वेळ त्या खोलीत काहीच वाजत नव्हतं. मग सगळं एकदम आलं. माझ्या स्टुलाखालची जमीन हलली. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता, पण दचकले नाही, कारण तो कधी येणार ते मला ठाऊक होतं.

एकदाच वाजवलं. दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही.

दिवाळीनंतर अल्बम आला. नाव ‘औटकी’च. पहिले पंधरा दिवस काहीच घडलं नाही. मग एका इंग्रजी मासिकानं त्याला ‘शाळकरी’ म्हटलं. झाकीरनं ते कौतुक समजून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. केळुसकर मात्र गप्प होते. वृषाली रोज सकाळी ते दैनिक विकत घ्यायची, शेवटून दुसरं पान बघायची आणि घडी घालून ठेवायची. तिच्या आईनं मला सांगितलं, घरात रद्दीचा ढीग झालाय, पोरगी हात लावू देत नाही.

एका रविवारी सकाळी सातच्या आधी माझा फोन वाजला.

“बाई, उठलात का?” झाकीर. मागे वृषालीचा आवाज, मला दे, मला दे.

“काय झालं?”

“वाचतो. मध्ये बोलू नका. वृषे, तू पण बोलू नको. ऐका. ‘औटकी या गाण्यात हा बँड सातव्या ओळीआधी थांबतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जुनी खोड गेलेली नाही. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की तिघंही नेमके तेवढेच थांबतात. एकाची चूक होते. तिघांची मिळून अशी होत नाही. ते कशासाठी थांबतात हे मला माहीत नाही. काल गाणं लावून मी चहा गाळत होतो आणि सातव्या ओळीआधी माझाही हात थांबला. दोन वर्षांपूर्वी मी या मुलांना घड्याळ विकत घ्यायला सांगितलं होतं. ते वाक्य मी मागे घेतो. यंदा याहून चांगला अल्बम मी ऐकलेला नाही.’”

पलीकडे पेपर दुमडल्याचा आवाज आला.

“बाई? आता बोला की.”

मला बोलता येईना. त्यांनी फोन ठेवला नाही. ती मुलं थांबण्यात पटाईतच होती.

झाकीरनं नवं कात्रण पेटीच्या झाकणाला जुन्याच्या खाली चिकटवलं. जुनं काढू दिलं नाही वृषालीनं.

त्यानंतर जानेवारीत कराडात त्यांचा कार्यक्रम झाला. त्याआधी त्याच सभागृहानं त्यांना दोनदा नकार दिला होता. आता सहाशे खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. शेजारच्या खुर्चीवर एक बारीक चणीचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ येऊन बसले.

“तुम्हीच पाढा म्हणणाऱ्या बाई ना? मी उदय केळुसकर.”

“नमस्कार. इतक्या लांब आलात?”

“एक विचारायला आलो. सातव्या ओळीआधी काय आहे?”

“ते मुलांना विचारा,” मी म्हणाले. “जागा त्यांची आहे.”

शेवटचं गाणं औटकी. माझा आवाज यंत्रावरून लागेल असं मला सांगितलं होतं. पण वृषालीनं माईक स्वतःकडे ओढला आणि थापा देत स्वतःच म्हणायला लागली. “एक औट साडेतीन.” लोकांना गाणं पाठ होतं. दुसरी ओळ सगळ्यांनी म्हटली. तिसरी, चौथी. “सहा औट एकवीस,” असा सहाशे जणांचा आवाज झाला आणि वृषालीनं काठ्या वर धरल्या.

इंद्रजितनं गिटार पाठीवर सरकवली. माईकच्या जवळ आला. गायला नाही. बोलायला. त्या मंचावर, कुठल्याच मंचावर, तो कधी बोलला नव्हता.

“स...” तो म्हणाला.

अडलं.

मी झाकीरकडे पाहिलं. त्याच्यासमोर माईक होता. तो वर, दिव्यांकडे बघत होता.

“स... स...”

मागून कोणी शिट्टी मारील, कोणी हसेल, असं मला वाटत होतं. कोणी सातवी ओळ त्याच्या आधी म्हणून टाकील. सगळ्यांना ती येत होती. पण सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज होता. मी हळूच मागे वळून पाहिलं. थापा देता देता वर गेलेले तळहात तसेच हवेत होते. कॉलेजातल्या मुलींचे, दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाचा, वृषालीच्या आईचा. माझ्या शेजारी केळुसकरांचा हात गुडघ्याच्या वीतभर वर थांबला होता, आणि ते इंद्रजितकडे बघत होते.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. कोणीच घड्याळ पाहिलं नाही.

“सात औट साडेचोवीस,” इंद्रजित म्हणाला.

हात खाली आले. आठवी ओळ झाकीरची होती. पण ती त्याला एकट्याला काही म्हणता आली नाही. सगळं सभागृहच उठून उभं राहिलं आणि म्हणालं, आठ औट अठ्ठावीस.